कोळशाच्या गांवांतील अग्निबाण



विद्यार्थी कशानें घडतो असें कोणीं विचारलें, तर आपण बहुधा पुस्तकें, परीक्षा आणि गुरुजन यांचींच नांवें घेऊं. वर्गाबाहेर मुलें जे नाना उद्योग करीत असतात त्यांना आपण फावल्या वेळची करमणूक समजतों. आणि त्यांत कांहीं मोडतोड झाली, तर तिला खोडीचें नांव देऊन मोकळे होतों. परंतु असा एखादा उद्योगच मुलाचें सारें शिक्षण आपल्या हातीं घेतो, अशीं उदाहरणें इतिहासांत आहेत. त्यांपैकीं एक आज मी आपल्यापुढें मांडणार आहें. तें अमेरिकेंतलें आहे, आणि त्याचा काळ १९५७ ते १९६० असा जेमतेम तीन वर्षांचा आहे. एका हायस्कुलांतील सहा मुलांनीं या काळांत अग्निबाण तयार करण्याचा ध्यास घेतला. अग्निबाण उडालेही; पण ते उडवितांना त्या मुलांमध्यें, आणि विशेषतः त्यांच्या पुढाऱ्यामध्यें, जो पालट झाला तो अधिक पाहण्यासारखा आहे.

वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांत मॅक्डॉवेल नांवाचा डोंगराळ परगणा आहे. त्यांतलें कोलवुड हें गांव त्या काळीं म्हणजे एक कोळशाची खाण आणि तिच्याभोंवतीं वसलेलीं घरें, एवढेंच होतें. जॉर्ज कार्टर नांवाच्या उद्योगपतीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं तें वसविलें. घरें कंपनीचीं, दुकान कंपनीचें, प्रार्थनामंदिर कंपनीचें आणि डॉक्टरही कंपनीचाच. खाणींत काम असेपर्यंत घर. काम सुटलें कीं घर सुटलें. अशा गांवांतील मुलाचें भविष्य सांगावयाला ज्योतिषी लागत नसे. त्यानें बापामागून खाणींत उतरावयाचें, हा राजमार्ग. अंगापिंडानें दणकट असला, तर फुटबॉलच्या जोरावर कॉलेजची शिष्यवृत्ति मिळवून बाहेर पडावयाचें, ही दुसरी वाट. तिसरी वाट फारशी कोणाला दिसत नव्हती.

होमर हिकम हा याच गांवचा. जन्म १९४३ सालचा. त्याचे वडील खाणीचे मुख्य व्यवस्थापक होते. खाण हेंच त्यांचें दैवत, आणि धाकट्या मुलानें खाणीचा इंजिनियर व्हावें ही त्यांची इच्छा. थोरला भाऊ जिम फुटबॉलमध्यें नांव काढणारा. होमरला मात्र चष्मा होता, खेळांत गति नव्हती आणि गणितांतही तो बेताचाच होता. शाळेंत पुढारीपण ज्या गुणांमुळें मिळतें, त्यांपैकीं एकही त्याच्यापाशीं दिसत नव्हता.

४ ऑक्टोबर १९५७ रोजीं सोव्हिएट रशियानें ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला. दोन फुटांहूनही कमी व्यासाचा आणि सुमारें ८४ किलोग्रॅम वजनाचा तो गोळा. पण त्याच्या ‘बीप्, बीप्’ या आवाजानें अमेरिकेची झोंप उडाली. त्यानंतर दोनच महिन्यांनीं, ६ डिसेंबर रोजीं, ‘व्हॅन्गार्ड’ नांवाचा अमेरिकन अग्निबाण जमिनीपासून चार फूट उचलला न उचलला तोंच कोसळून जळाला. पुढें ३१ जानेवारी १९५८ रोजीं ‘एक्स्प्लोरर’ हा अमेरिकेचा पहिला उपग्रह वर गेला. आणि २ सप्टेंबर १९५८ रोजीं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं शिक्षणविषयक एका मोठ्या कायद्यावर सही करून विज्ञान, गणित आणि परकीय भाषा यांच्या अध्यापनासाठीं मध्यवर्ती सरकारची तिजोरी उघडली. राजधानींतला इतिहास हा असा आहे. कोलवुडमधला इतिहास एका घराच्या परसांत सुरू झाला. तेथें चौदा वर्षांच्या होमरनें, शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर मान वर करून, डोंगरांच्या मधल्या आकाशाच्या पट्टींतून एक तेजस्वी ठिपका सरकत जातांना पाहिला. गंमत अशी कीं, त्या दिवसांत लोकांच्या दृष्टीस पडे तो ठिपका बहुधा उपग्रहाचा नसे. उपग्रहाला वर पोंचवून त्याच्याच कक्षेंत फिरत राहिलेल्या अग्निबाणाचा मोठा भाग तेवढा नुसत्या डोळ्यांना सहज दिसे. त्या मुलानें पाहिलें तें, न कळत, पुढें त्याच्या ध्यासाचा विषय होणारें यंत्रच होतें.

त्याचा पहिला प्रयत्न पोरकटच होता. फटाक्यांची दारू एका नळकांड्यांत ठासून त्यानें ती पेटविली; अग्निबाण उडाला नाहीं, आईच्या गुलाबाच्या बागेचें कुंपण मात्र उडालें. येथपर्यंत हा इतिहास घरोघरीं घडतो, आणि बहुतेक घरीं येथेंच संपतो. या मुलाच्या बाबतींत तो पुढें गेला, याचें कारण त्यानें त्यानंतर जें केलें त्यांत आहे. त्याच्या वर्गांत क्वेन्टिन विल्सन नांवाचा एक गरीब घरचा, अतिशय बुद्धिमान पण चमत्कारिक मुलगा होता. तो बोले पुस्तकी भाषेंत, आणि बाकीचीं मुलें त्याची टर उडवीत. त्याच्याशेजारीं बसणें म्हणजे आपलीही टर ओढवून घेणें. होमर सर्वांदेखत त्याच्याजवळ जाऊन बसला, आणि अग्निबाणाविषयीं तुला काय ठाऊक आहे, असें त्यानें विचारलें. माझ्या मतें त्याच्या पुढारीपणाचा आरंभ या प्रश्नापासून होतो. आपल्याला एखादी गोष्ट येत नाहीं हें ओळखावयाचें, ती ज्याला येते त्याला शोधून काढावयाचें, आणि लोक काय म्हणतील याची पर्वा न करतां त्याच्याकडे जावयाचें, एवढें धैर्य त्यानें दाखविलें.

क्वेन्टिनबरोबर रॉय ली कुक, शर्मन सायर्स, जिमी ओडेल कॅरोल आणि बिली रोज हेही या उद्योगांत आले. त्यांनीं आपल्या शाळेच्या नांवावरून ‘बिग क्रीक मिसाइल एजन्सी’ अशी संस्थाच स्थापन केली. अमेरिकन लष्कराच्या ज्या संस्थेंत वेर्नर फॉन ब्राउन अग्निबाण बांधीत होते, तिच्या नांवाची ही नक्कल होती. नांव भारदस्त, पण त्यामागची व्यवस्था खरी होती. एकाकडे शास्त्र, एकाकडे सामान आणि जमाखर्च, एकाकडे वाहतूक, एकाकडे प्रसिद्धि, अशी कामें वांटून दिलेलीं होतीं. जुन्या लोखंडाची मोड विकून पैसे उभारण्याचे खटाटोपही त्यांनीं केले. अग्निबाणांना त्यांनीं नांव दिलें ‘ऑक’. हा उत्तर अटलांटिकमधील, एकोणिसाव्या शतकांत नामशेष झालेला पक्षी. आणि त्याला उडतां येत नसे! स्वतःची थट्टा करण्याची ही वृत्ति त्या मुलांना फार उपयोगीं पडली. कारण पुढें त्यांच्या वांट्याला अपयश भरपूर यावयाचें होतें.

पहिला ‘ऑक’ जेमतेम माणसाच्या उंचीइतका उडाला आणि आडवा झाला. मुलांनीं तो उचलून पाहिला. खालचें बूड कथलाच्या डाकानें जोडलेलें होतें. तो डाक उष्णतेनें वितळला होता. म्हणजे डाक नको, वेल्डिंग पाहिजे. वेल्डिंग येई तें कंपनीच्या यंत्रशाळेंतल्या कारागिरांना. मग त्यांच्या विनवण्या आल्या. पुढें प्रश्न निघाला इंधनाचा. बंदुकीच्या दारूपासून आरंभ करून, सोरा आणि साखर यांच्या मिश्रणावरून तीं मुलें शेवटीं जस्ताची पूड आणि गंधक यांच्या मिश्रणापर्यंत आलीं. प्रत्येक पायरीवर एक दोष जाई आणि दुसरा उघडा पडे. इंधन जोरदार झालें तसा प्रश्न आला तोटीचा.

ही तोटी म्हणजे अग्निबाणाचा प्राण, म्हणून तिच्याविषयीं दोन शब्द सांगतों. अग्निबाणाच्या पोटांत उत्पन्न होणारा वायु साध्या भोंकांतून बाहेर सोडला, तर त्याचा बराचसा जोर वायां जातो. स्वीडनमधील गुस्ताफ दे लाव्हाल या इंजिनियरनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाफेच्या चक्रासाठीं एक निराळ्या आकाराची तोटी योजिली होती. ती प्रथम निमुळती होत जाते, मध्यें तिचा गळा अरुंद असतो, आणि पुढें ती पुन्हा रुंदावते. वायु गळ्यापाशीं येतो तेव्हां त्याची गति ध्वनीच्या गतीइतकी होते. आणि पुढच्या रुंद भागांत ती कमी होईल असें आपल्याला वाटतें, तर ती उलट वाढत जाते. गळा किती रुंद असावा, आणि बाहेरचें तोंड त्याच्या किती पट असावें, हें अंदाजानें ठरत नाहीं. त्याला गणित लागतें, आणि तेंही चलनकलन. ज्या मुलाला साध्या बीजगणिताचा कंटाळा, तो आतां चलनकलनाच्या मागें लागला. शाळेंत त्या विषयाचा वर्ग निघाला तेव्हां जागा थोड्या होत्या, आणि मागील गुण कमी असल्यामुळें होमरला त्यांत प्रवेश मिळाला नाहीं. त्यानें पुस्तक मिळवून घरीं अभ्यास केला. अग्निबाण किती उंच गेला हें ठरविण्यासाठीं त्रिकोणमिति हवी होती. उड्डाणाच्या जागेपासून मोजलेल्या अंतरावर एकानें उभें राहावयाचें, अग्निबाण शिखराला पोंचला कीं त्याचा कोन घ्यावयाचा आणि कोष्टकावरून उंची काढावयाची, हा प्रघात पडला. एरवीं फळ्यावरचा निर्जीव वाटणारा त्रिकोण त्यांच्या गांवच्या आकाशांत उभा राहिला.

उड्डाणासाठीं जागा मिळविणें ही निराळीच परीक्षा होती. गांवांत भलत्या ठिकाणीं जाऊन पडणारा अग्निबाण कोणाला आवडणार? होमरच्या वडिलांनीं गांवांतले प्रयोग बंद केले. पण तेच वडील पुढें नरमले, आणि खाणींतून निघालेला टाकाऊ दगडमातीचा भराव जेथें टाकीत, ती गांवापासून कांहीं मैलांवरची ओसाड जागा त्यांनीं मुलांना दिली. तेथें मुलांनीं आडोशासाठीं एक खोपट बांधलें, निशाण रोविलें, आणि त्या जागेला ‘केप कोलवुड’ असें थाटाचें नांव दिलें. उड्डाणाची आगाऊ सूचना गांवांत लागूं लागली, आणि सुटीच्या दिवशीं खाणकामगार बायकामुलांसह तेथें जमूं लागले. आरंभीं ज्यांनीं हंसें केलें, तेच आतां प्रत्येक उड्डाणाची उंची विचारीत.

परंतु या उद्योगाची किंमतही द्यावी लागली, आणि ती झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. होमरनें आपल्या आत्मवृत्तांत लिहिलें आहे कीं, यंत्रशाळेंतला जो कारागीर त्याला प्रथम मदत करीत होता, त्याला वडिलांनीं शिक्षा म्हणून खाणीच्या आंत कामाला पाठविलें; आणि पुढें तो तेथेंच अपघातांत दगावला. त्या मृत्यूचा भार त्या शाळकरी मुलाच्या मनावर दीर्घकाळ राहिला. पुढाऱ्याच्या शब्दावर जेव्हां दुसरीं माणसें काम करतात, तेव्हां त्या कामाचे परिणाम त्यांनाही भोगावे लागतात, हा धडा कोणत्याही शालेय पुस्तकांत नसतो. दुसरा धोका प्रत्यक्ष स्फोटाचा. त्या दिवसांत अमेरिकेंतील अनेक मुलें तळघरांत असले प्रयोग करीत आणि कित्येक जायबंदी होत. नेब्रास्कांतील जोड्यांचे दुकानदार ऑरव्हिल कार्लाइल यांनीं १९५४ सालीं कागदी अंगाचा लहान अग्निबाण आणि त्यांत बसविण्याचें तयार, सुरक्षित इंधन सिद्ध केलें होतें. तें पाहून जी. हॅरी स्टाइन या अग्निबाणतज्ज्ञानें १९५७ सालीं त्याचा प्रसार आरंभिला, तो मुलांचे हातपाय वांचावेत म्हणूनच. कोलवुडचीं मुलें दैवानें आणि कारागिरांच्या नजरेखालीं वांचलीं. त्यांचें अनुकरण करावयाचें तें त्यांच्या चिकाटीचें, दारू कुटण्याचें नव्हे.

शाळेनें काय केलें, हाही प्रश्न विचारला पाहिजे. बिग क्रीक हायस्कूल हें वॉर नांवाच्या गांवीं होतें. तेथें मिस् फ्रीडा रायली या रसायन आणि पदार्थविज्ञान शिकवीत. वयानें विशीच्या पलीकडे नुकत्याच गेलेल्या. त्यांना स्वतःला अग्निबाणशास्त्र येत नव्हतें, आणि येतें असें त्यांनीं भासविलेंही नाहीं. त्यांनीं क्षेपणास्त्रांच्या रचनेवरील एक जाडजूड, कठीण ग्रंथ मिळवून होमरच्या हातीं दिला, आणि तो समजून घेण्याचें काम त्याच्यावरच सोंपविलें. शाळेच्या चालकांसमोर त्या मुलांच्या बाजूनें उभ्या राहिल्या, आणि हें सारें काम विज्ञानप्रदर्शनांत मांडा असा आग्रह त्यांनींच धरिला. याच काळांत त्यांना हॉजकिनचा रोग जडला. तरीही त्या शिकवीत राहिल्या. १९६९ सालीं, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, त्या निवर्तल्या. पुढें त्यांच्या नांवानें शिक्षकांसाठीं एक राष्ट्रीय पारितोषिक ठेवण्यांत आलें.

रायलीबाईंचा आग्रह फळाला आला. परगण्याच्या आणि संस्थानाच्या प्रदर्शनांतून वर चढत चढत हें काम १९६० सालीं इंडियानापोलिस येथील राष्ट्रीय विज्ञानप्रदर्शनांत पोंचलें, आणि तेथें त्याला सुवर्ण व रौप्य अशीं दोन्ही पदकें मिळालीं. त्याच वर्षीं जून महिन्यांत मुलांनीं केप कोलवुडचा शेवटचा दिवस साजरा केला. शेवटचा अग्निबाण ‘ऑक’ क्रमांक ३१. तो होमरच्या हिशेबाप्रमाणें सुमारें ३१ हजार फूट चढला. एव्हरेस्टची उंची २९ हजारांवर थोडी आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे माणसाच्या उंचीइतक्या पहिल्या उडीपासून हीं मुलें कोठवर आलीं होतीं तें कळतें. तोंवर एकाही उड्डाणाला न आलेले होमरचे वडील त्या दिवशीं आले, आणि तो अग्निबाण त्यांच्याच हातून सुटला.

पुढील वृत्तांत थोडक्यांत सांगतों. तीं साहाही मुलें कॉलेजांत गेलीं. होमर १९६४ सालीं व्हर्जिनियांतील तंत्रविद्यालयाचा इंजिनियर झाला. तेथेंही त्यानें सोबत्यांना जमवून समारंभासाठीं पितळेची एक तोफ ओतवून घेतली. म्हणजे हायस्कुलांत लागलेली खोड गेली नव्हती. त्यानें व्हिएतनामच्या युद्धांत भाग घेतला, लष्करी अग्निबाणखात्यांत नोकरी केली, आणि १९८१ पासून १९९८ पर्यंत तो अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळसंस्थेंत होता. अंतराळवीरांना शिक्षण देणें हें तेथील त्याचें मुख्य काम. १९९७ सालीं ताकाओ दोई हे जपानी अंतराळवीर ‘कोलंबिया’ यानांतून गेले, तेव्हां त्यांनीं होमरचें विज्ञानप्रदर्शनाचें पदक आणि ‘ऑक’च्या तोटीचा एक तुकडा बरोबर नेला होता. १९९८ सालीं होमरचें ‘रॉकेट बॉइज’ हें आत्मवृत्त प्रसिद्ध झालें आणि १९९९ सालीं त्यावरून बोलपट निघाला.

या हकीकतीचा पुष्कळसा भाग त्या आत्मवृत्तावरच आधारलेला आहे, आणि तें घटनांनंतर सुमारें चाळीस वर्षांनीं लिहिलेलें आहे. त्यांत कांहीं नांवें आणि घटनांचा क्रम आपण बदलला आहे, असें लेखकानेंच सांगितलें आहे. तेव्हां प्रत्येक संवाद जसाच्या तसा घडला असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु पदकें खरीं आहेत, त्या मुलांचें पुढील आयुष्य खरें आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला जो प्रश्न सोडवावयाचा आहे त्याला तेवढा पुरावा पुरेसा आहे. तो प्रश्न असा कीं, एक बेताचा विद्यार्थी तीन वर्षांत असा बदलला कशानें?

मला त्याचीं दोन कारणें दिसतात. यंत्र कोणाची भीड धरीत नाहीं, हें पहिलें. परीक्षेंत थोडें आलें तरी थोडे गुण मिळतात; अग्निबाणाच्या तोटीचें गणित चुकलें तर अर्धा अग्निबाण उडत नाहीं. तो का पडला हें शोधल्यावांचून पुढचा बांधतां येत नाहीं. अपयश आलें म्हणून रडावयाचें कीं त्याची तपासणी करावयाची, यांतली निवड या मुलांना पुनः पुनः करावी लागली, आणि तपासणी करण्याची त्यांना संवय जडली. दुसरें कारण पुढारीपणाच्या स्वरूपांत आहे. होमर त्या सहा जणांत सर्वांत हुशार नव्हता; ती जागा क्वेन्टिनची. तो सर्वांत कुशलही नव्हता. हात कारागिरांचे होते. पण हुशारी, हात, पैसा, जागा आणि वडीलधाऱ्यांची संमति या विखुरलेल्या गोष्टी एका कामासाठीं एकत्र आणणारा तो होता. त्यासाठीं त्याला मागावें लागलें, समजूत घालावी लागली, नकार पचवावा लागला, आणि यशाचा वांटा इतरांना द्यावा लागला. पुढें अंतराळवीरांना शिकवितांना त्याला याहून निराळें असें कांहीं करावयाचें नव्हतें.

कोलवुडची खाण १९८६ सालीं बंद पडली. बिग क्रीक हायस्कूल २०१० सालीं बंद झालें. ज्या दोन संस्थांनीं त्या मुलांना घडविलें, त्या दोन्ही राहिल्या नाहींत. पण त्यांनीं मुलांना दिलें काय होतें, याचा हिशेब आजही मांडतां येतो. एका शिक्षिकेनें दिलेला कठीण ग्रंथ. कांहीं कारागिरांनीं आपल्या विश्रांतीच्या वेळांतून दिलेले तास. आणि मनांत नसतांनाही एका बापानें दिलेली पडीक जमीन. यांत अमुक एक गोष्ट इतर गांवांना देतां येण्यासारखी नाहीं, असें मला तरी दिसत नाहीं. आपल्या घरांतला मुलगा किंवा मुलगी उद्यां असला एखादा खटाटोप घेऊन दाराशीं येईल, तेव्हां नाहीं म्हणण्यापूर्वीं, त्यांना सुरक्षितपणें चुकावयाला जागा कोठें देतां येईल, एवढा विचार आपण अवश्य करावा.